आप्तहत्येची नावे: एका सुबक तक्त्यामागचा इतिहास (थ्रेड)

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पुस्तकांत एक तक्ता हमखास आढळतो. पित्याची हत्या म्हणजे ‘पॅट्रिसाइड’, मातेची ‘मॅट्रिसाइड’, भावाची ‘फ्रॅट्रिसाइड’, बहिणीची ‘सोरोरिसाइड’, पत्नीची ‘युक्झोरिसाइड’, पतीची ‘मॅरिटिसाइड’, अपत्याची ‘फिलिसाइड’, तान्ह्या बाळाची ‘इन्फंटिसाइड’. अनेक शब्दांबद्दल एक शब्द. पाठ करा, गुण मिळवा, पुढे चला.

तक्ता दिसायला मोठा सुबक आहे. प्रत्येक नात्याला एक चौकट आणि प्रत्येक चौकटीत एक शब्द. एखाद्या निःपक्षपाती कारकुनाने घरातील साऱ्या माणसांना सारख्याच आकाराच्या खोल्या वाटून द्याव्यात तसा. माझे म्हणणे असे की, इतिहासाच्या विद्यार्थ्याची हा तक्ता दिशाभूल करतो. हे शब्द एका काळी, एका हाताने घडलेले नाहीत. काही रोमच्या न्यायसभेतून आले, काही कोशकारांच्या मेजावर जन्मले आणि कित्येक शतके कोणत्याही न्यायालयात उच्चारले गेले नाहीत. उलट ज्या आप्तहत्येला इंग्लंडच्या कायद्याने खरोखर वेगळे नाव आणि वेगळी, भयंकर शिक्षा दिली होती, तिचे ते नाव या तक्त्यात नाहीच. त्या नावापर्यंत जायचे असेल तर आधी रोमला जावे लागेल.

प्रथम व्युत्पत्ती, थोडक्यात. लॅटिन भाषेत ‘काएदेरे’ हे क्रियापद आहे. अर्थ कापणे, तोडणे, मारणे. समासात त्याचे रूप बदलते आणि त्यापासून दोन निराळी नामे बनतात: ‘-किदा’ म्हणजे मारणारा आणि ‘-किदियुम’ म्हणजे मारण्याचे कृत्य. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ही दोन्ही रूपे एकाच ‘-साइड’मध्ये विरघळली. म्हणून इंग्रजीत ‘पॅट्रिसाइड’ हे कृत्यही असते आणि ते करणारा माणूसही. जुने इंग्रजी मजकूर वाचताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर वाक्याचा अर्थ लागत नाही. याच धातूची इतर अपत्ये मात्र अगदी निरुपद्रवी आहेत. ‘डिसाइड’ म्हणजे मुळात कापून वेगळे करणे, ‘प्रिसाइज’ म्हणजे नेमके छाटलेले. आणि आपल्या घराच्या भिंतीतले ‘सिमेंट’सुद्धा दगडाच्या छिलक्यांना असलेल्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

आता मूळ शब्दाकडे. या साऱ्या कुळातला सर्वांत जुना आणि सर्वांत प्रतिष्ठित शब्द ‘पॅट्रिसाइड’ नव्हे. तो ‘पॅरिसाइड’, म्हणजे लॅटिनमधला ‘पारिकिदियुम’. एका अक्षराचा फरक वाटतो, पण त्यात रोमन समाजाची सारी उतरंड दडलेली आहे. यातले ‘पारि’ म्हणजे काय, यावर विद्वानांत आजही एकमत नाही. प्राचीन रोमन लोक त्याचा संबंध ‘पातेर’ म्हणजे पिता, किंवा ‘पारेन्स’ म्हणजे जन्मदाता या शब्दांशी लावत. काही आधुनिक भाषाशास्त्रज्ञ सोयरा या अर्थाच्या एका ग्रीक शब्दाशी लावतात. एवढे खरे की, राजा नुमाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका अतिप्राचीन नियमात स्वतंत्र माणसाला जाणूनबुजून मारणाऱ्या कोणालाही ‘पारिकिदास’ ठरवले आहे. म्हणजे आरंभी हा शब्द केवळ पितृहत्येपुरता नसावा. पुढे तो आकसत गेला आणि मातापिता व निकटचे आप्त यांच्या हत्येपाशी येऊन स्थिरावला. मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘पितृहत्या’ असे केले जाते, ते अपुरे आहे. ‘स्वजनहत्या’ हा शब्द अधिक जवळचा.

रोमन लोकांना या अपराधाची किती दहशत वाटे, हे त्याच्या शिक्षेवरून कळते. अपराध्याला चामड्याच्या पोत्यात शिवून पाण्यात फेकून देत. इ.स.पू. ८० मध्ये आमेरिया गावच्या सेक्स्तुस रोस्कियुस नावाच्या माणसावर बापाला मारल्याचा आरोप आला, तेव्हा त्याचा बचाव करायला सव्वीस वर्षांचा एक नवखा वकील उभा राहिला. त्याचे नाव सिसेरो. त्याने या पोत्याच्या शिक्षेचा अर्थ उलगडून सांगितला: ज्याने जन्मदात्याचा प्राण घेतला त्याला आकाश, सूर्य, पाणी आणि पृथ्वी या चौघांपासूनही तोडायचे; मेल्यावर त्याच्या हाडांना मातीचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. रोस्कियुस सुटला आणि सिसेरोची कीर्ती सुरू झाली. समाजमाध्यमांवर या शिक्षेचे वर्णन येते तेव्हा पोत्यात कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड हे चौघे असतातच. परंतु सिसेरोच्या भाषणात या प्राण्यांचा उल्लेखही नाही. ही चौकडी एकत्र दिसते ती कित्येक शतकांनंतरच्या साम्राज्यकालीन कायदेग्रंथांत, जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेत तर ठळकपणे. तेव्हा सिसेरोच्या काळातल्या पोत्यात माकड घालण्यापूर्वी जरा थांबावे.

इ.स. ५९ मध्ये सम्राट नीरोने आपली आई आग्रिप्पिना हिला ठार करवले. न्यायालयात खेचणार कोण? पण एका रात्री रोममधल्या त्याच्या पुतळ्यावर कोणीतरी चामड्याचे एक पोते टांगून ठेवले. त्याला एका अक्षराच्याही खुलाशाची गरज नव्हती.

पण मला या शिक्षेपेक्षाही महत्त्वाची वाटते ती एक यादी. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यास पॉम्पेच्या नावाने ओळखला जाणारा स्वजनहत्येचा कायदा झाला. त्यात कोणाला मारले असता ‘पारिकिदियुम’ होते याची यादीच आहे: पिता, माता, आजा, आजी, भाऊ, बहीण, चुलत-मावस भावंडे, काका, मामा, आत्या, पत्नी, पती, जावई, सासू, सावत्र बाप, सावत्र मुले, इतकेच काय, गुलामाला मुक्त करणारा जुना धनीसुद्धा. पुढे म्हटले आहे की, मातेने पुत्राला किंवा कन्येला मारले तर तीही या कायद्यात सापडेल. आजाने नातवाला मारले तर तोही.

यादी पुन्हा एकदा वाचा. कोण नाही?

पुत्राला किंवा कन्येला मारणारा पिता नाही. आई आहे, आजा आहे, बाप नाही. हा लिहिणाऱ्याचा विसराळूपणा नव्हे. रोमन कुटुंबप्रमुखाला आपल्या अपत्यांवर जीवन-मरणाचा अधिकार होता आणि जो अधिकार आहे त्याला गुन्ह्याचे नाव कसे देणार? आधुनिक तक्त्यातला ‘फिलिसाइड’ हा शब्द बापाला आणि आईला एकाच दावणीला बांधतो. रोमच्या कायद्याला ती कल्पनाच मान्य झाली नसती.

याच अधिकाराची छाया रोमच्या दंतकथांवरही आहे. होरातियुस हा वीर शत्रूला मारून परत येतो, शत्रूपक्षातल्या आपल्या वाग्दत्त वरासाठी बहीण रडताना दिसते आणि तो तिला तिथेच भोसकतो. इतिहासकार लिव्हीच्या कथनानुसार त्याच्यावर आरोप ठेवला जातो तो राज्यद्रोहाचा, आप्तहत्येचा नाही. त्याचा बाप लोकांपुढे येऊन सांगतो की, माझी मुलगी योग्य कारणानेच मारली गेली. तसे नसते तर बापाच्या अधिकाराने मीच या मुलाला शिक्षा केली असती. लोक त्याला सोडून देतात. ‘सोरोरिसाइड’ची लॅटिन जननी ‘सोरोरिकिदा’ सिसेरोने एका भाषणात शिवीसारखी वापरलेली आहे खरी, पण शिवी आणि कायद्याचे कलम यांत अंतर असते.

बापाचा हा अधिकार झिजायला शतके लागली. सम्राट हेड्रियनच्या काळी एका बापाने शिकारीला नेऊन आपल्या मुलाला मारले. मुलाचे सावत्र आईशी संबंध होते. हेड्रियनने त्या बापाला हद्दपार केले आणि कारण असे दिले की, त्याने पित्याच्या हक्काने नव्हे, दरोडेखोरासारखे मारले. पितृसत्तेचा पाया ममता असावा, क्रौर्य नसावे. हा निवाडा पुढारलेला वाटतो, पण नीट पाहा: हक्क नाकारलेला नाही, तो बजावण्याची रीत नाकारली आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१८-१९ च्या सुमारास अपत्याची हत्या करणाऱ्यालाही स्वजनहत्येच्या शिक्षेत आणले आणि ३७४ मध्ये तान्ह्या बाळाला मारणे हा देहदंडाचा अपराध ठरला. शब्द जुनाच राहिला, त्याच्या आत माणसे मात्र बदलत गेली.

रोमचा निरोप घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट. ज्युलियस सीझरला ‘पितृभूमीचा पिता’ हा किताब मिळालेला होता. त्याच्या खुनानंतर १५ मार्च या दिवसालाच ‘पारिकिदियुम’ म्हणावे असे ठरवण्यात आले, असे स्वेतोनियुस हा चरित्रकार सांगतो. सत्ताधीश एकदा बाप ठरला की त्याची हत्या घरातली हत्या होते. हे सूत्र इंग्लंडमध्ये पुढे उलट दिशेने चालले, ते आता पाहू.

इंग्रजांकडे स्वतःचे शब्द नव्हते काय? होते. १०१४ च्या सुमारास, डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड होरपळत असताना, यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने एक जळजळीत प्रवचन केले. त्यात देशातल्या पाप्यांची जंत्री देताना तो ‘मॅय्स्लगा’ म्हणजे आप्तांना मारणारे आणि ‘बेआर्नमुर्द्रा’ म्हणजे बाळांना मारणारे यांची नावे घेतो. दोन्ही शब्द अस्सल देशी, ऐकणाऱ्याच्या पोटात कालवणारे. त्यातले ‘बेआर्न’ आजही स्कॉटलंडमध्ये बाळाला ‘बेर्न’ म्हणतात त्यात जिवंत आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बाळे मारणाऱ्यांचा उल्लेख वुल्फस्टन वेश्यांना लागून करतो. आई हीच संशयित, हे तेव्हाच ठरून गेले होते.

१०६६ मध्ये नॉर्मन आले. न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली, दप्तराची लॅटिन. आणि हे देशी समास हळूहळू लोप पावले. साध्या खुनाचे ‘मर्डर’ आणि ‘मॅनस्लॉटर’ हे शब्द मातीतले राहिले, पण घरातल्या हत्येसाठी पंधराव्या ते सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिनची पेटी उघडली. ‘फ्रॅट्रिसाइड’, ‘पॅरिसाइड’, ‘पॅट्रिसाइड’, ‘मॅट्रिसाइड’ आणि मग ‘इन्फंटिसाइड’ असे एकेक शब्द आले. याचा एक परिणाम झाला. ‘मॅट्रिसाइड’ ऐकताना सामान्य इंग्रज माणसाच्या कानावर ‘मदर’ पडत नाही. शब्द स्वच्छ, थंड, हातमोजे घातलेला. आपणही याला अपवाद नाही. गावात एखाद्याने ‘आईचा खून केला’ असे आपण म्हणतो, पण लिहायला बसलो की ‘मातृहत्या’ होते. तरीही संस्कृत समासातली माता मराठी माणसाला ओळखू येते. इंग्रजी समासातली आई परदेशी पोशाखात असते.

आता ते तक्त्यात नसलेले नाव. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याच्या काळी, १३५१ मध्ये राजद्रोहाचा कायदा झाला. राजाविरुद्धचा तो महाद्रोह. त्याच कायद्यात आणखी एक प्रकार सांगितला: ‘पेटी ट्रेझन’, म्हणजे लघुद्रोह. तो तीन प्रसंगी होतो. नोकराने धन्याला मारले तर. धर्माधिकाऱ्याच्या आज्ञेत असलेल्याने आपल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याला मारले तर. आणि पत्नीने पतीला मारले तर. रोमने राज्यकर्त्याला घरातला बाप केले होते. इंग्लंडने घरातल्या नवऱ्याला छोटा राजा केले.

शिक्षाही त्याच मापाची. लघुद्रोही पुरुषाला वधस्थळापर्यंत फरफटत नेऊन फाशी देत. स्त्रीला जिवंत जाळण्याची शिक्षा होती. प्रत्यक्षात ज्वाळा पोहोचण्यापूर्वी जल्लादाने दोरीने गळा आवळावा, अशी एक दयेची रीत पडली होती. ९ मे १७२६ रोजी लंडनच्या टायबर्न येथे कॅथरिन हेज हिला नवऱ्याच्या खुनाबद्दल खांबाला बांधले, तेव्हा आगीने जल्लादाचे हात पोळले, त्याने दोरी सोडली आणि ती सर्वांसमक्ष जिवंत जळाली. खुनात तिच्यासोबत असलेल्या बिलिंग्ज नावाच्या पुरुषाच्या वाट्याला फाशी आली. खून तोच, प्रेत तेच. पण त्याने माणूस मारला होता आणि तिने स्वामी.

याच्या शेजारी दुसरा खटला ठेवा. हेन्ली गावचे वकील फ्रान्सिस ब्लँडी १७५१ मध्ये सोमलाच्या विषाने मेले. त्यांची मुलगी मेरी हिने ते त्यांच्या अन्नपेयांतून दिले होते. प्रियकराने पाठवलेली ती पूड बापाचे मन वळवणारी आहे असे आपण समजत होतो, हा तिचा बचाव. सोमल ओळखण्यासाठी डॉक्टरांनी न्यायालयात दिलेल्या साक्षीमुळे हा खटला न्यायवैद्यकाच्या इतिहासातही गाजला. मेरी दोषी ठरली आणि ६ एप्रिल १७५२ रोजी ऑक्सफर्डला तिला फाशी झाली. फाशी, चिता नव्हे. कारण रोमने ज्या अपराधासाठी पोते शिवले, त्या पितृहत्येला इंग्लंडच्या कायद्यात वेगळे नावच नव्हते. तो साधा खून.

ब्लॅकस्टन या विख्यात कायदेपंडिताने १७६९ मध्ये हे स्पष्टच नोंदवले आहे: आपल्या कायद्यात जन्मदात्याची हत्या ही इतर खुनांसारखीच समजली जाते, अपत्य त्या जन्मदात्याच्या नोकरीत असेल तेवढे सोडून. म्हणजे मुलगा बापाच्या दुकानात पगारावर असेल तर लघुद्रोह, नुसताच मुलगा असेल तर खून! नात्यापेक्षा चाकरीचे बंधन कायद्याला मोठे वाटत होते. आणि पत्नीची गणना कोणत्या बाजूला होती, ते आपण पाहिलेच.

मग पतीने पत्नीला मारले तर? खून. वेगळे नाव नाही, वेगळी शिक्षा नाही. तक्त्यातला ‘युक्झोरिसाइड’ हा शब्द लॅटिन ‘उक्सोर’ म्हणजे पत्नी यावरून लॅटिनच्या धर्तीवर घडवलेला असून इंग्रजीत तो एकोणिसाव्या शतकात रुळला. कायद्याच्या पुस्तकाने तो कधी मागितला नव्हता. स्त्रियांना जाळण्याची शिक्षा १७९० मध्ये बंद झाली आणि लघुद्रोह हा गुन्हा १८२८ मध्ये साध्या खुनात विलीन झाला. नवलाची बाब ही की, पत्नीच्या हत्येचा विद्वान शब्द रूढ होईपर्यंत पतीच्या हत्येचे कायदेशीर नाव इतिहासजमा झालेले होते. हे दोन शब्द एकाच तक्त्यात शेजारी बसवले की वाटते, दोघांचा न्याय पहिल्यापासून सारखाच होत आला.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे. बायकोला मारणाराही फासावरच जात होता ना? मग नाव नसल्याने बिघडले काय? बिघडले असे की, खटला सुरू होण्यापूर्वीच अर्धा निवाडा शब्दाने दिलेला असे. पत्नी आरोपी असेल तर प्रश्न निष्ठेचा होई आणि ती द्रोही ठरे. पती आरोपी असेल तर जुन्या कायद्याने त्याला बायकोला ‘माफक’ शासन करण्याची मुभा दिलेली होती. ब्लॅकस्टनच्या काळी ती मुभा वादग्रस्त होऊ लागली होती एवढेच. एकाची सुरुवात द्रोहापासून, दुसऱ्याची सुरुवात मर्यादा ओलांडली की नाही यापासून. १९७६ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या जनन्यायासनापुढे डायना रसेल यांनी ‘फेमिसाइड’ हा शब्द मांडला, तो याच उणिवेवर बोट ठेवण्यासाठी. स्त्री ही स्त्री असल्यामुळे मारली जाते तेव्हा त्याला नाव हवे, असा त्यांचा आग्रह होता. हा शब्द अनावश्यक आहे असे म्हणणारे आजही भेटतात. १३५१ च्या कायदेकर्त्यांना नावाचे मोल त्यांच्यापेक्षा नीट कळत होते.

आणि हे वाचताना इंग्रजांवर हसण्याचेही कारण नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्या हे महापातक आहे. स्त्रीची हत्या मात्र उपपातकांच्या यादीत, शूद्र, वैश्य आणि क्षत्रियांच्या हत्येसोबत येते. तिथेही प्रायश्चित्ताचे माप कोणाचा जीव गेला यावर ठरते.

शेवटी ‘इन्फंटिसाइड’, कारण हा शब्द आपल्या दारापर्यंत आला. इंग्लंडमध्ये १६२४ च्या एका कायद्याने अविवाहित मातेची गोष्ट भलतीच कठीण केली होती. तिने मेलेल्या बाळाचा जन्म लपवला, तर बाळ मृतच जन्मले हे तिनेच सिद्ध करायचे. नाहीतर खुनी ठरायचे. नेहमीचा न्याय इथे डोक्यावर उभा केला होता. हा कायदा १८०३ मध्ये रद्द झाला. पुढे १९२२ आणि १९३८ च्या कायद्यांनी ‘इन्फंटिसाइड’ हा स्वतंत्र गुन्हा केला, पण आता दयेपोटी: प्रसूतीच्या परिणामांनी मनाचा तोल ढळलेल्या आईला फाशी होऊ नये म्हणून. त्यामुळे इंग्लंडच्या कायद्यात आजही हा गुन्हा आईखेरीज कोणी करूच शकत नाही. बाप करील तो खून.

हिंदुस्थानात हाच शब्द निराळ्या वाटेने आला. १७८९ मध्ये बनारसचा रेसिडेंट असताना जोनाथन डंकनला काही राजपूत घराण्यांतील कन्यावधाची चाल कळली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत १८०८ मध्ये कर्नल वॉकरने काठेवाडच्या जाडेजांकडून ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले. १८७० मध्ये कन्यावध प्रतिबंधाचा कायदा झाला. इथला ‘इन्फंटिसाइड’ एकट्या आईचा नव्हता. तो कुळाचा, प्रतिष्ठेचा, हुंड्याचा होता.

परंतु त्याच मुंबई इलाख्यात आणखी एक बालहत्या होती, जिची पाळी येई ती विधवेवर. पुनर्विवाहाला बंदी, दिवस राहिले तर बहिष्कार, आणि दंडसंहितेत त्यासाठी वेगळे नाव नाही; सरळ खुनाचे कलम. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात ती सौम्य झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर प्रवचने झडू लागली. बाळाच्या बापाचा शोध घेण्याची कोणाला गरज वाटली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती या प्रकरणाने पेटून. दोष दोघांचा असेल तर नाव एकीलाच का, हा त्या पुस्तकाचा सरळ सवाल होता.

त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवांनी इथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल नेणे न नेणे त्यांच्या खुशीवर, अशा जाहिराती त्यांनी शहरात लावल्या. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या एका विधवेला तिथे मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत होता.